लाल राहिलेलं नाव

ओबोनच्या दिवसांत, म्हणजे पितर घरी येतात त्या ऑगस्टच्या उन्हात, सगळं गाव माझ्या दुकानासमोरून टेकडी चढतं. पायऱ्यांच्या तोंडाशी उदबत्त्या, समाधीवर वाहायच्या शिकिमीच्या हिरव्या फांद्या आणि पाण्याच्या बादल्या मांडून मी बसते. आधी माझी सासू बसायची. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाच्या सुनेनं दोन फांद्यांसाठी घासाघीस केली, हे सगळं मला ठाऊक असतं. बाहेरगावचा पाहुणा वरच्या समाध्या बघून उतरला की हमखास विचारतो, ते मानाबेंच्या दगडावर साची ह्या बाईचं नाव लाल रंगात आहे, त्या आजी अजून आहेत का?

नाहीत, मी सांगते. मेल्या. बत्तीस वर्षं झाली.

पाहुणा गोंधळतो, आणि त्याचं बरोबरच आहे. आमच्याकडे नवरा आधी गेला तर दगडावर त्याच्या शेजारी बायकोचंही नाव खोदून टाकतात. पुन्हा कारागीर बोलवायला नको, आणि बाईलाही कळतं आपली जागा कुठली ते. फक्त ती जिवंत असेपर्यंत तिच्या नावात लाल रंग भरायचा. ती गेली की एकोणपन्नासाव्या दिवशी, अस्थी आत ठेवायच्या आधी, तो लाल काढून टाकायचा. मग ती रीतसर मेली आणि पितरांत जायला मोकळी झाली. मानाबेंच्या साचीबाईंचा लाल कुणी काढला नाही. विसरून राहिला असंही नाही. दर वर्षी ओबोनच्या आधी तो ताजा होतो, आणि कोण करतं हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे.

ते करणारीचं नाव साचियो. साचीबाईंची सून. मी तिला साठ वर्षं ओळखते आणि ती चुकली असं मी कुणाला म्हणू देत नाही.

डोंगरांपलीकडच्या तोसाहून ती लग्न होऊन आली तेव्हा मी शेजारच्या घरात तिच्या एक वर्ष आधी सून म्हणून आले होते. आमचं गाव दगडाचं. पुरुष सकाळी काळ्या भुवया घेऊन खाणीवर जायचे आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवया घेऊन परत यायचे. मानाबेंचा कारखाना समाध्या घडवायचा, आणि त्यांचा मोठा मुलगा तोकुजी दगडावर अक्षरं खोदायचा. हात सोन्याचा, कणा मात्र घडवायचा राहून गेलेला. साचियोच्या नशिबी तो आला.

लग्नाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे फुलं पोचवायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. नवी सून देवघरापुढे वाकून बसली होती. सासूबाईंनी तिला विचारलं, नाव कोणत्या अक्षरानं लिहितेस? तिनं बोटानं चटईवर काढून दाखवलं. 幸, म्हणजे 'साची'. त्यापुढे 'यो'चं अक्षर.

"हे माझं अक्षर आहे," साचीबाई म्हणाल्या.

सून हसली. तिला वाटलं, सासूला आनंद झाला.

"एका घरात एक अक्षर दोन बायकांना पुरत नाही. आमच्याकडे आधी कामाला होती तिचं नाव योने. सगळ्यांच्या तोंडात बसलंय. तेच राहू दे."

आणि तेच राहिलं. त्या दिवसापासून ती योने. सासरा, दीर, कारखान्यातली माणसं, दुकानदार, सगळे योने म्हणायला लागले. मीही म्हणायला लागले, कारण माझी सासू शेजारीच उभी असायची.

साचीबाईंना त्या अक्षराचा भारी तोरा. त्याचा अर्थ सुख, भाग्य, लाभलेलं. जाळ्यात मासे येतात ते समुद्राचं साची, रानात अळंबी सापडतात ते डोंगराचं साची. लग्नाच्या पत्रिकेत ते असतं, खाणावळींच्या पाट्यांवर असतं, नव्या वर्षाच्या शुभेच्छांत असतं. आणि त्याच्या आधी 'नाही'चं अक्षर लावलं की घरात मयत झाली असा अर्थ होतो, एवढं ते जपून लिहायचं अक्षर. आपण ह्या घरात आलो म्हणून इथल्या दगडाला गिऱ्हाईक आलं, असं त्या चारचौघांत नाकानं कांदे सोलत सांगायच्या. देवळाकडून मेल्यानंतरचं लांबलचक नाव त्यांनी जिवंतपणीच मिळवून ठेवलं होतं, आणि त्यातही र्योकाई गुरुजींच्या मागे लागून हे अक्षर घालून घेतलं होतं. मेल्यावर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जायला नको म्हणून.

नवीन असताना साचियो कारखान्याच्या मागे जाऊन रडायची. एकदा तोकुजीनं तिला तिथे गाठलं. समजूत घालायला त्याच्याकडे अक्षरांशिवाय काही नव्हतं. त्यानं दगडाच्या भुकटीत बोटानं एक जुनं चित्र काढलं, हजारो वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर कोरायचे तसलं. वर एक टोक, खाली एक टोक, मधे दोन फटी. हे काय आहे, तिनं विचारलं. तुझं अक्षर, तो म्हणाला. मुळात ही लाकडी बेडी आहे. कैद्याचे दोन्ही हात ह्या फटींत अडकवायचे. ज्याचे हात त्यातून सुटले तो भाग्यवान, म्हणून पुढे त्याचा अर्थ सुख झाला. उलटं धरलं तरी जवळपास तसंच दिसतं, बघ.

"मग आपलं काय गेलं?" तो म्हणाला. "बेडीच होती. आईला घालू दे."

त्यावर ती हसली होती. मला हे तिनंच सांगितलं, आणि सांगतानाही हसली. तेव्हा तिचं त्याच्यावर प्रेम होतं. माझ्या मते पुढेही होतं, आणि त्यामुळेच सगळं जास्त जड गेलं.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. साचीबाईंनी नाव ठरवलं होतं किकू. तोकुजी नोंद करायला सरकारी कचेरीत निघाला तेव्हा ओल्या बाळंतिणीनं दारापर्यंत येऊन त्याच्या हातात कागद दिला. त्यावर चियुकी लिहिलं होतं. 'चि' म्हणजे हजार, आणि 'युकी' म्हणजे पुन्हा तेच अक्षर, उच्चार वेगळा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायकोचं ऐकलं. संध्याकाळी कागदावर शिक्का बघून साचीबाई जेवल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीला नावानं कधी हाक मारली नाही. पोर म्हणायच्या. ए पोरी, बाजूला हो. ए पोरी, हात धू.

मी मात्र हाक मारायचे. चियुकी माझ्या दुकानात यायची आणि बादल्यांच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची. ओली बाही घेऊन घरी गेली की आजी रागवायची, म्हणून मी तिला चुलीपाशी वाळवून मग पाठवायचे. तिसऱ्या हिवाळ्यात डांग्या खोकला झाला आणि ती गेली. अंत्यविधीला अख्खं गाव होतं. सगळ्यांदेखत साचीबाई म्हणाल्या, "अक्षर मोठं, पोर लहान. पेलवलं नाही."

साचियो तेव्हा पाहुण्यांना चहा देत होती. तिनं किटली खाली ठेवली नाही. सगळ्यांचे पेले भरले, सासूचाही भरला.

तोकुजीनं मुलीसाठी एक जिझो घडवला. मुलांना सांभाळणारा तो छोटा दगडी भिक्षू. हातभर उंचीचा, गोबऱ्या गालांचा. मानाबेंच्या समाध्यांच्या कोपऱ्यात, चियुकीच्या मूठभर अस्थींवर तो बसवला. साचियो रोज सकाळी पाणी घेऊन वर जायची. पुढे तिला मूल झालं नाही. त्यावरून सासूबाईंनी तिच्या डोक्यावर मिरे वाटले ते वेगळं सांगायला नको.

मग भरभराटीची वर्षं आली. सगळ्या देशाला मोठमोठ्या समाध्या हव्या झाल्या. सासरे तेवढ्यात वारले, आणि साचीबाईंनी ठरवलं की जुने वाकडेतिकडे दगड काढून घराण्याचा एकच मोठा दगड उभा करायचा. कधी करायचं तेही त्यांनीच ठरवलं. साचियो आईच्या अंत्यविधीला तोसाला गेली होती तेव्हा. परत आली तेव्हा टेकडीवर आरशासारखा गुळगुळीत दगड उभा होता. त्यावर सासऱ्याचं नाव, शेजारी साचीबाईंचं लाल रंगात, आणि कोपऱ्यात काही नव्हतं.

जिझो कुठे आहे, तिनं विचारलं. ओळीत शोभत नव्हता, सासूबाई म्हणाल्या, तिकडे मागे ठेवलाय. मागे म्हणजे बेवारशांच्या ढिगात. ज्यांचा वंश बुडाला, ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांचे दगड देवळामागे एकावर एक रचून ठेवतात. आणि खालच्या अस्थी? पाया खणताना जुनी माती निघाली, ती गाडीत भरून नव्या धक्क्याच्या भरावाला गेली. तोकुजी तिथेच उभा होता. मूग गिळून बसणं त्याला आईच्या दुधातून मिळालं होतं.

"तीन वर्षांचं पोर," साचीबाई म्हणाल्या. "त्याला कसला आलाय वंश."

आम्ही दोघींनी त्या ढिगातले दगड उचलून उचलून बाजूला केले. जिझो तळाशी होता. नाकाचा टवका उडाला होता. साचियोनं तो पदरात घ्यावा तसा मांडीवर घेतला, पुसला, आणि पुन्हा ढिगावर वरच्या बाजूला ठेवला. मी रडत होते. ती नव्हती. मी म्हटलं, घरी घेऊन जा त्याला. ती म्हणाली, नको, इथेच राहू दे, सगळ्यांना दिसू दे.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हात्सुए, मला अजून पुष्कळ जगायचंय."

मी बायकांना डूख धरताना पाहिलंय. बहुतेकींचा राग सणासुदीला मावळतो. हिचा मावळला नाही, आणि दिसलाही नाही. पुढची दहा वर्षं तिनं सासूचं सगळं केलं. अंथरुणाला खिळल्यावर अंघोळ घातली, उदोनच्या जाड शेवया बारीक चिरून भरवल्या, पाठ चोळली. गावानं तिची वाहवा केली. साचीबाईंनी मरताना तिचं बोट धरून ठेवलं होतं, आणि हाक मारली ती योने म्हणूनच.

दगडकाम करणाऱ्या घरांत अक्षरांत रंग भरणं आणि काढणं हे बायकांचं काम. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आधी लाल काढायचा तो साचियोनंच. सगळे काळ्या कपड्यांत टेकडीवर जमले, गुरुजींनी घंटा वाजवली, आणि पाहतात तर साचीबाईंचं नाव लालच. धाकटा दीर एइसाकू ताकामात्सूहून आला होता, बँकेत साहेब होता. तो म्हणाला, वहिनी, हे काय? ती म्हणाली, गडबडीत राहिलं. लोक चुकचुकले. बिचारी, इतकी सेवा केली, थकली असेल. अस्थी तशाच आत ठेवल्या गेल्या.

संध्याकाळी ती उतरताना मी तिला हाक मारली. सासू गेली होती, आता कुणाची भीती नव्हती. साचियो, मी म्हटलं. ती थांबली नाही. मी पुन्हा मोठ्यानं हाक मारली, तरी चालत राहिली. मी धावत जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकून म्हणाली, कुणाला बोलावतेस? स्वतःचं नाव तिच्या कानांतून पार पुसलं गेलं होतं. त्या क्षणी मला साचीबाई पुन्हा जिवंत करून पुन्हा माराव्याशा वाटल्या.

पहिला ओबोन आला. त्या वर्षीच्या मयताच्या समाधीपाशी पांढरा कंदील लावतात. साचीबाईंच्या दगडापाशीही तो लटकला, आणि त्याच्या शेजारी त्यांचं नाव लालभडक. रंग नवा होता, वास येत होता. मग कुणी चुकचुकलं नाही. सगळं गाव समजायचं ते समजलं आणि माझ्याकडच्या उदबत्त्या घेऊन गुपचूप वर गेलं आणि गुपचूप खाली आलं.

तोकुजीनं एका सकाळी चोरून तो पुसला. दुपारी तिनं परत भरला. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानाच्या नळापाशी समोरासमोर आले. त्याच्या हातात चिंधी, तिच्या हातात रंगाचा डबा.

"राहिलं म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"राहिलं नाही. ठेवलंय."

"किती दिवस?"

"चियुकीचं नाव त्या दगडावर येईपर्यंत. अस्थी तुमच्या आईनं समुद्रात भरल्या. नाव तरी आणा."

"एइसाकू नाही म्हणेल. ढिगात गेलेलं परत आणलं तर मागून बाकीचे बेवारसही येतात, असं लोक म्हणतात. गुरुजी..."

"तुम्ही काय म्हणता ते विचारतेय मी."

नळ टपटपत होता, तो त्यानं घट्ट केला.

"तुम्हीच सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "बेडी आहे, आईला घालू दे. मी घातली. आता किल्ली तुमच्याकडे आहे."

त्यानं चिंधी खिशात कोंबली आणि तो कारखान्यावर गेला. किल्ली त्याच्याकडे पुढची कित्येक वर्षं पडून राहिली.

सातव्या वर्षाच्या विधीला एइसाकू तयारीनं आला. रंग काढायचं औषध, ब्रश, रबरी हातमोजे. पाहुण्यांसमोर वहिनीला धडा शिकवायचा असं त्याच्या मनात होतं. महागाच्या कोटाच्या बाह्या वर करून तो आईचं एकेक अक्षर घासत बसला. ऑगस्टचं ऊन, दगड तापलेला, औषधाचा भपकारा. साचियो बाजूला छत्री घेऊन उभी होती. त्याच्या डोक्यावर तिनं सावलीही धरली. अक्षरं पांढरी झाली, तो घाम पुसत उठला.

"झालं?" तिनं विचारलं. "छान निघालाय जुना रंग. औषध वाळलं की नवीन चांगला धरेल. मी संध्याकाळी येते."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं, पण ते हसू होतं. एइसाकू पुन्हा विधीला आला नाही, पैसे पाठवायचा. आणि संध्याकाळी ती खरंच आली. मी तिच्यासाठी बादली भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

लोक मला म्हणायचे, हात्सुए, तू तिची मैत्रीण, सांग तिला, मेलेल्या माणसाशी कसलं वैर. मी म्हणायचे, मेलेल्या पोरीशी वैर केलं तेव्हा कुठे होतात तुम्ही? की ते निमूटपणे चहा पीत होतात?

दगडाची भुकटी आमच्या पुरुषांच्या छातीत साठते आणि साठीनंतर हिशेब मागते. तोकुजीचंही तेच झालं. चार पायऱ्या चढला की माझ्या बाकावर टेकायचा. एका वसंतात तो रोज सकाळी यायला लागला, हातात कापडात गुंडाळलेली छिन्नी आणि हातोडी. यंत्रानं खोदायचं सोडून कित्येक वर्षांनी त्यानं हातानं काम काढलं होतं. मी विचारलं, वर काय चाललंय? तो म्हणाला, तिला सांगू नका, झाल्यावर मीच सांगेन. त्यानंतर वरून टक टक ऐकू यायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक टक. काही नसायचं तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा.

बाकावर बसून तो एकदा बोलला. फार बोलणारा माणूस नव्हे, आणि श्वासही नव्हता.

"त्या बेडीच्या अक्षराशेजारी एक गुडघे टेकलेला माणूस काढायचा आणि त्याच्या मानेवर मागून दाबणारा हात. त्याचं वेगळं अक्षर होतं. परतफेड. बातम्यांत, हवामानाच्या अंदाजातसुद्धा आपण तेच लिहितो, कुणाला आठवत नाही की खाली माणूस दाबलेला आहे." त्यानं दम घेतला. "मी तिला अर्धंच अक्षर शिकवलं होतं. उरलेलं ती आपलं आपण शिकली."

"मग चुकलं का तिचं?" मी विचारलं.

"हात तिचा आहे. पण गुडघे टेकलेला माणूस आई नाही हो, मी आहे."

एइसाकूला कुणीतरी कळवलं. त्याचा फोन आला, घराण्याच्या दगडावर माझ्या संमतीशिवाय काही खोदायचं नाही. तोकुजी म्हणाला, बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छिन्नी घेऊन आला. काम संपलं त्या दिवशी तो माझ्याकडे बसून राहिला, चेहरा मोकळा झालेला. आता आईला सोडेल ती, तो म्हणाला. घरी गेला, त्याच रात्री ताप भरला, आणि तिला दाखवायला तो पुन्हा टेकडी चढू शकला नाही. दवाखान्यात त्यानं तिला सांगितलं, वर जाऊन बघ. तिनं त्याचा हात सोडला नाही, म्हणून ती त्याच्या मरणानंतरच वर गेली.

मी तिच्याबरोबर होते. साचीबाईंच्या लाल नावापासून वीतभर अंतरावर चियुकीचं नाव होतं. दोन अक्षरं, आणि तिचं वय. शेवटच्या रेघा कापऱ्या होत्या, दगड दोन ठिकाणी निसटला होता. तोकुजीच्या हातून आयुष्यात इतकं वाईट काम झालं नव्हतं. साचियोनं दोन्ही हात त्या अक्षरांवर ठेवले आणि ओरडून रडली. चाळीस वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. खालून गुरुजी धावत आले, त्यांना वाटलं कुणी पडलं.

तोकुजीच्या एकोणपन्नासाव्या दिवशी टेकडीवर गर्दी झाली. नवऱ्याच्या नावाशेजारी तिचंही नाव खोदून झालं होतं, लाल रंगात, साचियो, पूर्ण. आता साचीबाई सुटणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गुरुजींनी स्वतः घडी घातलेली स्वच्छ चिंधी आणली होती. विधी आटोपला, त्यांनी ती तिच्यापुढे धरली. अट पुरी झाली, ते हळूच म्हणाले.

"झाली," ती म्हणाली. "ज्याला घातली होती त्यानं पुरी केली. छाती फाटेस्तोवर खोदलं त्यानं. त्याचं मी विसरणार नाही." मग तिनं पिशवीतून डबा काढला. "पण आईंनी ह्यात काय केलं, गुरुजी? त्यांनी तर काहीच केलं नाही."

आणि ती गुडघ्यांवर बसून सासूच्या नावात रंग भरू लागली. खरं सांगते, त्या दिवशी मलाही ती जरा जास्तच वाटली. नवऱ्याची शेवटची इच्छा होती ती, निदान त्याच्यासाठी. मी खाली आले, दुकान लावलं आणि बादल्या उपड्या करायला घेतल्या. एका बादलीत हात घातला, कोपरापर्यंत गार पाणी लागलं, आणि मग मला जास्त वाटेनासं झालं.

ह्या वर्षी साचीबाईंचं तेहतिसावं, मयताचं वर्षच पहिलं धरतात. आमच्याकडे हा शेवटचा विधी. ह्यानंतर मेलेल्या माणसाला वेगळं नाव उरत नाही. तो सगळ्या पितरांत मिसळतो, त्याच्या नावानं पुन्हा कुणी घंटा वाजवत नाही. एइसाकूही आता नाही. साचियो उन्हाळ्यापासून अंथरुणावर आहे, पाय गेले आहेत, डोकं लखलखीत आहे. विधीच्या आदल्या दिवशी गुरुजी मला घेऊन तिच्याकडे गेले. तेही म्हातारे झालेत, उंबरा ओलांडताना माझा हात धरला.

ते म्हणाले, साचियो, उद्या लाल असला तर त्या मिसळणार नाहीत. पुन्हा संधी नाही. तुझंही वय झालं. ह्या ओझ्याखाली तू कशाला जातेस? मिसळू दे त्यांना.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पितरांत मिसळायचं म्हणजे सगळे सारखे होणार ना? चियुकी आणि त्या, सारख्या?"

"हो. तेच तर," गुरुजी म्हणाले.

"मग नको. एका घरात एक अक्षर दोघींना पुरत नाही, असं त्यांचंच म्हणणं. चियुकी जाऊ दे पितरांत. त्या राहू देत बाहेर, एकट्या. अक्षर घेऊन."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावीन अशी त्यांची आशा असावी. साचियोनंही माझ्याकडे पाहिलं.

"हात्सुए," ती म्हणाली, "डबा मागच्या पडवीत आहे. ढवळून घे, खाली घट्ट बसला असेल."

आज सकाळी मी दुकान बंद ठेवून टेकडी चढले. गुरुजी दगडापुढे उभे होते. मी बसले, ब्रश बुडवला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग तोंड फिरवून मंत्र सुरू केले, आणि मी पहिलं अक्षर भरायला घेतलं. माझा हात तिच्यासारखा स्थिर नाही. रंग दोन ठिकाणी बाहेर गेला. मी पुसला नाही.